०४०२ उभे राहतायत? ओव्हनला हात सगळ्यात शेवटी लावा

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. शेतीपंपाच्या मोबाइल स्टार्टरचा बोर्ड आहे, दोन लेयरचा, लेड-फ्री एचएएसएल फिनिश (पॅडवर, म्हणजे पार्ट सोल्डर होतो त्या तांब्याच्या जागांवर, वितळलेल्या कथिलाचा थर), भोसरीत जॉबवर्कवर लावून घेताय. दर पॅनेलला (एकत्र जोडलेल्या बोर्डांच्या तुकड्याला) चार-पाच ०४०२ (अगदी छोटे रेझिस्टर-कॅपॅसिटर) एका टोकावर उभे राहतात. क्यूएफएन कंट्रोलर (बाहेर पाय नसलेली, खालच्या कडेला पिना असलेली आयसी) काही बोर्डांवर बोटाने दाबला की चालतो, सोडला की बंद. पावसाळ्यात हे सगळंच वाढतं. आणि जे बोर्ड पास होऊन शेतावर गेले त्यातले काही एक-दोन महिन्यांत सप्लायच्या बाजूला शॉर्ट होऊन परत येतात. असेंब्लीवाला म्हणतो कंपोनंट डुप्लिकेट आहेत, आणि त्याने ओव्हनचा पीक, म्हणजे सगळ्यात वरचं तापमान, २६० डिग्रीपर्यंत नेऊनही बघितलाय.

तर पहिलं काम, तो पीक खाली आणायला सांगा, बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. तुमची पेस्ट (सोल्डरची भुकटी आणि सोल्डर धरायला मदत करणारा फ्लक्स यांचं मिश्रण) एसएसी३०५ आहे, म्हणजे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं, ती २१७ ते २२० डिग्रीला वितळते, बोर्डावर २४० ते २४५ मिळाले की काम झालं. डेटाशीटमध्ये जो २६० लिहिलेला असतो तो आयसी जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा आकडा आहे, तिथवर न्यायचं असा त्याचा अर्थ नाही. एवढ्या उष्णतेत तुमच्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य घटतंय, कनेक्टरचं प्लॅस्टिक वाकतंय, फ्लक्स जळून जातोय, आणि उभा राहिलेला रेझिस्टर त्याने काही खाली बसत नाही, कारण तो उभा राहतो ते पेस्ट वितळायला लागते त्या क्षणी, पीक यायच्या बराच आधी.

माझं मत सरळ आहे, एसएमटीमधले (पार्ट थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर करायच्या पद्धतीतले) बहुतेक दोष बोर्ड ओव्हनमध्ये शिरायच्या आधीच तयार झालेले असतात, पॅडमध्ये नाहीतर पेस्टच्या प्रिंटमध्ये. ओव्हन फक्त ते दाखवतो. पण ओव्हनवर आकडे दिसतात आणि बटणं असतात म्हणून सगळे आधी तिकडेच धावतात.

एक तासभर खर्च करून एक काम करा. लेआउटची एक मोठी प्रिंट काढा आणि रिफ्लोमधून (ओव्हनमध्ये पेस्ट वितळवायच्या टप्प्यातून) आलेल्या दहा-बारा पॅनेलवर जिथे जिथे पार्ट उभा आहे तिथे त्या कागदावर टिंब मारत जा, आणि कोणतं टोक उचललंय तेही लिहा. पॅनेलवरचे बोर्ड वेगवेगळे मोजा, सगळे एकात मिसळू नका. आता बघा, जर दर वेळी तेच सी१२, सी१७ उभे राहत असतील तर दोष लेआउटमध्ये आहे. टिंबं पॅनेलच्या एकाच कोपऱ्यात जमली असतील तर प्रिंट करताना तिथे खालून आधार नाहीये किंवा स्टेन्सिल (पेस्ट छापायचा छिद्रांचा पत्रा) सरकलंय. एकाच रीलचे पार्ट बोर्डभर कुठेही उभे राहत असतील तरच पार्ट लावणाऱ्या मशीनचे फीडर, नोझल आणि मग कंपोनंटवर संशय घ्या. डुप्लिकेट किंवा जुनाट माल नसतो असं नाही, टोकं काळवंडलेली रील मिळते कधीकधी, पण खराब रील जागा बघून खराब वागत नाही.

आता तो उभा राहतो कसा ते. ०४०२ म्हणजे १ मिलिमीटर बाय अर्धा मिलिमीटर, वजन मिलिग्रॅमच्या आसपास. दोन पॅड, दोन्हींवर पेस्ट. एका पॅडवरची पेस्ट आधी वितळली की ते सोल्डर पार्टच्या टोकाच्या उभ्या बाजूवर चढतं आणि पृष्ठताणाने टोक आपल्याकडे खेचतं, त्या वेळी दुसऱ्या टोकाखाली पेस्ट अजून न वितळलेलीच आहे, तिच्यात धरून ठेवायची ताकद नाही, झालं, पार्ट उभा. सेकंदाच्या काही भागाचा फरकही पुरतो. त्याहून मोठ्या ०८०५ ला पण हीच ओढ लागते पण त्याचं वजन त्याला दाबून ठेवतं, म्हणून तुमच्या जुन्या डिझाइनमध्ये हा त्रास नव्हता. म्हणजे विचारायचं काय, तर दोन्ही बाजू एकदम का वितळत नाहीयेत.

तुम्ही जे लेआउटचं चित्र दाखवलंत त्यात उत्तर बऱ्यापैकी दिसतंय. डीकपलिंग कॅपॅसिटरचा (आयसीचा सप्लाय स्थिर ठेवणाऱ्याचा) ग्राउंडचा पॅड थेट कॉपर पोअरमध्ये, म्हणजे तांब्याच्या सलग भागात, बुडवलाय, उष्णता तिकडे पळू न देणारे थर्मल रिलीफचे चार बारीक पाय नाहीत, आणि दुसऱ्या पॅडला एक पातळ ट्रॅक येतो. पोअर उष्णता ओढून घेतो, ग्राउंडचा पॅड उशिरा तापतो, आणि पार्ट सप्लायच्या पॅडवर उभा राहून ग्राउंडचं टोक उचलतो. माझा अंदाज आहे की तुमच्या टिंबांच्या कागदावर हेच निघेल. त्यात अजून एक भानगड आहे जी पटकन लक्षात येत नाही. सुट्या पॅडभोवती सोल्डर मास्कची (बोर्डावरच्या रंगीत संरक्षक थराची) खिडकी पॅडपेक्षा किंचित मोठी ठेवलेली असते, समजा प्रत्येक बाजूला ०.०५ मिलिमीटर. सुट्या पॅडला त्याने फरक पडत नाही, खिडकीच्या कडेला खाली तांबंच नसतं. पण पोअरमध्ये बुडालेल्या पॅडला सगळीकडे तांबंच आहे, त्यामुळे उघडा भाग खिडकीएवढा होतो, म्हणजे लांबी-रुंदी दोन्हीकडून ०.१ मिलिमीटर मोठा. अर्ध्या मिलिमीटरच्या पॅडला ०.१ म्हणजे चांगलाच फरक आहे. दोन पॅड कागदावर सारखे, बोर्डावर वेगळे.

आणि फूटप्रिंट (पार्टच्या पॅडांचा आराखडा) कुठला वापरलाय ते तपासा. कायकॅड या पीसीबी डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत नावाच्या शेवटी हँडसोल्डर लिहिलेले फूटप्रिंट असतात, त्यांचे पॅड बाहेरच्या बाजूला लांब असतात, सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकायला जागा मिळावी म्हणून. हाताने दोन-चार बोर्ड करताना ते बरे, पण रिफ्लोमध्ये तो बाहेरचा लांब भागच पार्टला मागे खेचायला मदत करतो. प्रोटोटाइपसाठी घेतलेला फूटप्रिंट तसाच प्रॉडक्शनमध्ये गेला, हे फार कॉमन आहे. (साइजचे कोडही एकदा बघून घ्या, मेट्रिक ०६०३ म्हणजे आपला नेहमीचा ०२०१ आणि मेट्रिक ०४०२ म्हणजे ०१००५, खरेदीवाला नवीन असेल तर धुळीसारखे पार्ट येऊन पडतात आणि मग लाइन थांबते.)

पुढच्या पीसीबी लॉटला हे सगळं सुधारता येईल पण हातात जे बोर्ड आहेत त्यांचं काय, तर त्यासाठी प्रिंट आणि स्टेन्सिल.

असेंब्लीवाल्याकडे जाऊन प्रिंटरसमोर उभे रहा, ओव्हनसमोर नको. स्क्वीजी (स्टेन्सिलवरून पेस्ट ओढणारी पट्टी) चालताना पेस्ट तिच्यापुढे गोल लोळत यायला पाहिजे, साधारण बोटाएवढा जाड रोल. ती लोळत नसेल, नुसती घसरत असेल, तर पेस्ट वाळलीये किंवा थंड आहे किंवा स्टेन्सिलवर कमी घेतलीये. स्क्वीजी गेल्यावर स्टेन्सिलचा वरचा पत्रा स्वच्छ दिसला पाहिजे, पेस्टचा पातळ थर मागे राहत असेल तर दाब कमी आहे किंवा ब्लेड घासलंय. मग बोर्ड उचलल्यावर दहापट भिंगातून पेस्ट बघा. ताटात थापून सुरीने कापलेल्या वडीसारखी तिची कड सरळ उभी आणि वरचा भाग सपाट हवा. मधोमध खड्डा असेल तर दाब जास्त होऊन स्क्वीजीने पेस्ट ओरबाडलीये. कोपऱ्यांना कुत्र्याच्या कानासारखी टोकं वर आली असतील तर स्टेन्सिल उचलताना पेस्ट चिकटून ओढली गेली. कड पसरून पॅडच्या बाहेर गेली असेल तर स्टेन्सिल बोर्डावर टेकत नाहीये, आणि इथे तुमचा एचएएसएल आडवा येतो, कारण त्या फिनिशमध्ये पॅडवर कथिलाचा फुगवटा राहतो आणि तो प्रत्येक पॅडवर वेगळा असतो. अर्धा मिलिमीटर पिचचा (पिनांमधलं अंतर तेवढं असलेला) क्यूएफएन असलेल्या बोर्डाला मी ईएनआयजी फिनिशच (निकेलवर सोन्याचा पातळ, सपाट थर) सांगतो, महाग पडतं पण रीवर्कच्या पगारापेक्षा स्वस्त.

आणि एक, पेस्ट दोन्ही पॅडवर एकाच दिशेला सरकलेली दिसली, म्हणजे डाव्या पॅडवर पूर्ण आणि उजव्यावर अर्धी पॅडबाहेर, की समजा तिथे पार्ट उभा राहणार. तो बोर्ड मशीनवर लावूच नका, पुसून परत प्रिंट करा. प्रिंटचा दोष इथे कपड्याने पुसला जातो, ओव्हननंतर त्यालाच हॉट एअर आणि माणूस लागतो.

हाताने प्रिंट करत असतील तर त्यातही चांगलं काम होतं, फक्त बोर्डाच्या चारी बाजूंना त्याच जाडीचे भंगार पीसीबी टेबलावर चिकटवून चौकट करायची, म्हणजे स्टेन्सिल सगळीकडे सपाट बसतं. दर काही बोर्डांनी स्टेन्सिल खालून पुसायचं. हे सांगावं लागतं, आपोआप होत नाही.

आता क्यूएफएन. दाबला की चालतो म्हणजे कडेच्या पिना पॅडला लागलेल्याच नाहीत, नुसत्या टेकल्यात. तुमचं स्टेन्सिल ०.१५ मिलिमीटरचं आहे असं लिहिलंय. हिशोब करून बघा, छिद्राचं क्षेत्रफळ भागिले छिद्राच्या आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ, हा आकडा ०.६६ च्या वर असला तर पेस्ट छिद्रातून सुटून पॅडवर बसते, त्याच्या खाली ती भिंतींनाच चिकटून राहायला लागते. तुमच्या क्यूएफएनचं छिद्र ०.२५ बाय ०.८. क्षेत्रफळ ०.२. भिंती म्हणजे २ गुणिले ०.१५ गुणिले १.०५, म्हणजे ०.३१५. भागाकार ०.६३. काठावर नापास. म्हणजे कधी पेस्ट पूर्ण उतरते कधी अर्धी, आणि तुम्हाला "काही बोर्डांवर" दिसतंय ते हेच. तेच स्टेन्सिल ०.१२ चं केलं की आकडा ०.७९ होतो आणि प्रश्न मिटतो. ०४०२ ला आणि बाकी मोठ्या पार्टना ०.१२ पुरतं.

शिवाय मधला मोठा थर्मल पॅड. जर स्टेन्सिलमध्ये तो पूर्ण उघडा कापला असेल (आणि गर्बर, म्हणजे बोर्ड बनवायची फाइल, जसाच्या तसा दिला की स्टेन्सिलवाला तसाच कापतो, त्याची काही चूक नाही) तर मध्ये सोल्डरचा ढीग होतो, आयसी त्याच्यावर तरंगते आणि कडेच्या पिना हवेत राहतात. मधल्या पॅडला चार किंवा नऊ खिडक्या करायच्या, सगळ्या मिळून पॅडच्या ५० ते ६० टक्के, मध्ये वाटा सोडायच्या म्हणजे फ्लक्सच्या वाफेला बाहेर पडायला जागा मिळते. त्या पॅडमध्ये उष्णता खाली न्यायला उघडे व्हाया (बोर्डातली आरपार छिद्रं) ठेवले असतील तर सोल्डर त्यातून मागच्या बाजूला गळतं, बोर्ड उलटा करून बघा, थेंब दिसतील. पुढच्या वेळी ते व्हाया मागून मास्कने झाकायला किंवा भरून घ्यायला सांगा.

नवीन स्टेन्सिल करतच आहात तर ०४०२ ची छिद्रं थोडी आतल्या बाजूला घ्या, म्हणजे पॅडच्या बाहेरच्या टोकाला पेस्ट कमी पडेल. हँडसोल्डर फूटप्रिंट असेल तर याचा बराच फायदा होतो, नवीन पीसीबी न करता. फार आत मात्र घेऊ नका, पार्टच्या पोटाखाली पेस्ट गेली की बाजूला सोल्डरचे मणी येतात.

हे सगळं झाल्यावर ओव्हन. स्क्रीनवर जो आकडा दिसतो तो झोनमधल्या हवेचा नाहीतर हीटरचा असतो, बोर्डाचा नसतो. बोर्डाचं तापमान कळायला एक भरलेला बोर्ड बळी द्यावा लागतो, त्याच्यावर के टाइपचे पातळ थर्मोकपल लावायचे, एक रिलेजवळच्या जाड ग्राउंडवर, एक मोकळ्या जागेतल्या ०४०२ च्या पॅडवर, एक क्यूएफएनपाशी. टोक पॅडला घट्ट टेकलेलं पाहिजे, जास्त तापमानाला वितळणाऱ्या सोल्डरने किंवा ॲल्युमिनियम टेपने, नुसती कॅप्टॉन टेप गरम झाली की ढिली पडते आणि तुम्ही हवेचं तापमान मोजत बसता. मग आलेख बघा. सुरुवातीला सेकंदाला १ ते २ डिग्री चढ, १५० ते २०० मध्ये मिनिट-दीड मिनिट, आणि तुमच्या दुखण्यासाठी महत्त्वाचा भाग म्हणजे २०० ते २२०, तिथे चढ सेकंदाला एक डिग्रीच्या खाली आणा म्हणजे दोन्ही पॅड जवळजवळ एकत्र वितळतात. २१७ च्या वर ४५ ते ७५ सेकंद, पीक २४० ते २४५. पेस्टच्या डेटाशीटमध्ये वेगळं दिलं असेल तर ते मानायचं, माझं नाही. कोणी नायट्रोजनचा सल्ला देईल. क्यूएफएनला त्याने सोल्डर छान पसरतं पण ०४०२ उभे राहायचं प्रमाण त्याने वाढूही शकतं, कारण सोल्डर अजून झटकन चढतं. तुम्हाला त्याची गरज नाही.

पावसाळ्याचं कारण वेगळं आहे आणि त्यात दोन गोष्टी आहेत. एक पेस्ट. ती फ्रिजमधून काढली की डबा न उघडता खोलीच्या तापमानाला यायला तीन-चार तास ठेवायची. जुलैत थंड डबा लगेच उघडला की आत दव धरतं, ते पाणी पेस्टमध्ये जातं, ओव्हनमध्ये त्याची वाफ होऊन पेस्ट उडते, बारीक गोळ्या पडतात आणि हलके पार्ट हलतात. सकाळी उशीर झाला म्हणून डबा हीटरसमोर ठेवणारे लोक आहेत, त्यांना हात जोडून सांगा. दुसरी गोष्ट आयसी. पिशवीवर एमएसएल (ओलाव्याला पार्ट किती नाजूक आहे त्याची पातळी) लिहिलेलं असतं, बरेच क्यूएफएन लेव्हल ३ चे असतात, म्हणजे पिशवी फोडल्यापासून १६८ तासांत रिफ्लो झाला पाहिजे, आणि तेही खोली ३० डिग्री आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत असेल तर. आपल्याकडे पावसाळ्यात एसी नसलेल्या शेडमध्ये ६० टक्के कुठलं मिळतंय. तुम्ही अर्धी रील रबरबँड लावून कपाटात ठेवली आणि महिन्याने परत दिली, तर प्लॅस्टिकने ओढलेल्या ओलाव्याची ओव्हनमध्ये एकदम वाफ होते आणि पॅकेज आतून उकलतं, बाहेरून कधी फुगवटा दिसतो कधी काहीच नाही. उरलेला माल ड्राय कॅबिनेटमध्ये नाहीतर सिलिका जेल आणि ह्युमिडिटी कार्ड टाकून सील करून ठेवा. बेकिंग करायचं तर १२५ डिग्रीला काही तास, किती ते पॅकेजची जाडी आणि लेव्हल बघून जे-एसटीडी-०३३ या मानकाच्या तक्त्यात मिळतं, पण प्लॅस्टिकची रील १२५ ला ठेवू नका, टेप वितळून सगळं एक होईल. रीलसकट करायचं तर ४० डिग्रीला कोरड्या हवेत कित्येक दिवस लागतात, त्यापेक्षा आयसी टेपमधून काढून उष्णता सोसणाऱ्या ट्रेमध्ये घ्या.

राहिलं शेतातून परत येणारं शॉर्ट. याचा उभ्या राहणाऱ्या पार्टशी थेट संबंध नाही, पण मला तुमच्या यादीतली हीच गोष्ट सगळ्यात गंभीर वाटते कारण ती टेस्टिंगमध्ये सापडत नाही. सप्लायवरचा तो १२१० (मोठ्या साइजचा) सिरॅमिक कॅपॅसिटर व्ही-कटच्या (पॅनेलमधले बोर्ड सुटे करायच्या खाचेच्या) अगदी कडेला आहे आणि आडवा लावलाय, लांबी व्ही-कटला काटकोनात. पॅनेल हाताने मोडतात ना? मोडताना बोर्ड वाकतो, सिरॅमिक वाकत नाही, सोल्डरच्या कडेपासून आत तिरकी चीर जाते. बाहेरून दिसत नाही, फॅक्टरीत टेस्ट पास होते. मग शेतातल्या पेटीत दमट हवा, चिरेत ओलावा, हळूहळू गळती आणि शेवटी शॉर्ट. परत आलेल्या बोर्डांमधला तो कॅपॅसिटर हॉट एअरने अलगद काढा, रेझिनमध्ये बसवून कडेने घासत न्या, एक-दोन तरी चिरा दिसायला हरकत नाही.

उपाय म्हणजे हाताने मोडणं बंद, गोल ब्लेडचं डीपॅनेलिंग मशीन वापरायला सांगा, तो कॅपॅसिटर व्ही-कटपासून किमान ५ मिलिमीटर आत घ्या आणि लांबी व्ही-कटला समांतर ठेवा, आणि त्या एका जागी सॉफ्ट टर्मिनेशनचा (टोकांना लवचिक थर असलेला) पार्ट घ्या. टर्मिनल ब्लॉकच्या खालीही बघा. वायरमन स्क्रू आवळताना स्क्रू ड्रायव्हरवर सगळा जोर देतो, खाली पेटीत बोर्डाला आधार नसेल तर बोर्ड तिथेही तेवढाच वाकतो, त्यामुळे ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना स्टँडऑफ हवेत. आणि टच-अप करणाऱ्यांना सांगा की सिरॅमिक कॅपॅसिटरला गरम आयर्न थेट टेकवायचं नाही, त्या झटक्यानेही तडा जातो, आधी बोर्ड गरम करून मग हॉट एअरने करायचं.

क्रम असा ठेवा, पीक आज खाली, टिंबांचा कागद या आठवड्यात, ०.१२ चं स्टेन्सिल लगेच ऑर्डर करा कारण ते आत्ताच्याच बोर्डांवर चालेल, आणि लेआउटमधले बदल (थर्मल रिलीफ, फूटप्रिंट, तो १२१०) पुढच्या पीसीबी ऑर्डरच्या आधी. नवीन स्टेन्सिलने सगळा लॉट एकदम लावू नका, आधी दोन-तीन पॅनेल, त्यातही पहिल्या पॅनेलच्या प्रिंटचे भिंगातून फोटो काढा. नंतरही क्यूएफएन लागत नसेल तर त्या फोटोंसोबत बोर्डाच्या मागच्या बाजूचा, थर्मल पॅडच्या व्हायांचा फोटो टाका, मग पुढचं बघू.